मदत हवी आहे: 1972 च्या फियाटला मागे खांद्याचे बेल्ट बसवायचे आहेत

नमस्कार मंडळी,

बाबांची 1972 ची फियाट 1100 डिलाइट अजून उत्तम चालते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, पुढे जिचं नाव पद्मिनी झालं तीच गाडी. सुट्टीच्या दिवशी पार्ल्याहून आम्ही सगळे तिच्यातूनच निघतो. मागे आई आणि माझी आठ वर्षांची मुलगी बसते, आणि मागे एकही बेल्ट नाही. पुढे बाबांनी पूर्वीच बसवून घेतले आहेत. आता मला मागच्या दोन्ही बाजूंना थ्री-पॉइंट बेल्ट हवे आहेत, नुसता कमरेचा पट्टा नको.

नोव्हेंबर 2022 पासून मुंबई पोलिसांनी मागच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा केला. नियमाप्रमाणे ही सक्ती ज्या गाड्यांना कंपनीने बेल्ट देणं बंधनकारक होतं त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे आमच्या गाडीला कोणी अडवणार नाही. माझा प्रश्न पावतीचा नाहीच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीला जो अपघात झाला, त्यात मागे बसलेले दोघे गेले आणि दोघांनीही बेल्ट लावलेले नव्हते. ती गाडी तर आधुनिक, एअरबॅगवाली होती. आमच्या फियाटमध्ये मागचा माणूस पुढे फेकला गेला तर पुढची सीट आणि त्यावर बसलेला माणूस, एवढंच काय ते मध्ये आहे.

आता मुख्य अडचण. एका गॅरेजवाल्याने गाडी पाहून लगेच सांगितलं, "पार्सल ट्रेला भोक पाडतो, मोठा वॉशर टाकून बोल्ट आवळतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." मला ते पटलं नाही. (पार्सल ट्रे म्हणजे मागच्या सीटमागचा, काचेखालचा आडवा पत्रा.) घरी येऊन मागची सीट काढली, डिकीत आडवा होऊन टॉर्च मारला. ट्रेचा पत्रा एकेरी आहे, बोटाने दाबला तर थोडा आत जातो. डाव्या कोपऱ्यात पिलरला, म्हणजे छत पेलणाऱ्या मागच्या खांबाला, जिथे तो जोडला आहे तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली तर रंगाची खपली निघाली आणि आतून लाल भुगा पडला. मुंबईची खारी हवा. वरून पॉलिश केलेली गाडी पाहून हे कोणाला कळणारही नाही.

युरोपच्या आर14 नियमात बेल्टचे अँकर, म्हणजे बेल्ट गाडीला जिथे बोल्टने जोडतात त्या जागा, तपासताना खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला प्रत्येकी साधारण 1350 किलोची ओढ देतात. त्या पत्र्यातून वॉशरसकट बोल्ट उपटून येईल, हे मला इंजिनियर नसूनही दिसतंय. आणि बेल्ट लावलाय या भरवशावर बसलेल्या माणसाचं काय?

दुसरी अडचण उंचीची. अँकर खांद्याच्या खाली राहिला तर धडकेत बेल्ट माणसाला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो आणि तो भार मणक्यावर येतो. आमच्या ट्रेची पातळी आईच्या खांद्यापेक्षा स्पष्ट खाली आहे. म्हणून मला वरचा अँकर मागच्या पिलरवर हवा आहे. पण तिथे आतून प्लेट टाकायची तर छताचं लायनिंग उतरवावं लागेल, आणि ते बाबांनी इतकी वर्षं जपलेलं मूळ लायनिंग आहे.

बाबांचा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. गाडी पन्नाशी ओलांडून गेली, आता तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करून व्हीए मालिकेचा नंबर घ्यावा असं त्यांच्या मनात आहे. 2021 च्या नियमात व्हिंटेज गाडीच्या चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला नसावा अशी अट आहे. पिलरला प्लेट वेल्ड केली तर तो बॉडी शेलमधला बदल धरतील का? माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे: नंबर मिळाला नाही तरी चालेल, बेल्ट हवेत. पण बाबांना समजावायला मला ठोस माहिती हवी.

कोणी फियाट, अँबॅसेडर किंवा स्टँडर्डला असे बेल्ट बसवले आहेत का? मुंबईत हे काम नीट करणारा डेंटर कोणी सुचवेल का? आगाऊ आभार.

प्रतिसाद 1:
वॉशरवाल्याकडे न जाऊन फार चांगलं केलंत. आधी गंज कापून नवा पत्रा जोडून घ्या, गंजक्या पत्र्यावर केलेलं वेल्डिंग टिकत नाही. मग पिलरच्या आत किमान 3 मिमीची पोलादी प्लेट, कडा गोल केलेली, आणि तिच्यावर नट. बोल्ट बेल्टसोबत येतो तोच वापरा, 7/16 इंची यूएनएफ (बारीक आट्यांचा), हार्डवेअरच्या दुकानातला साधा नको. रीलवाला बेल्ट ठरलेल्या कोनातच लॉक होतो, तिरका बसला तर दगा देईल. जुन्या गाडीला बिनरीलचा, हाताने घट्ट करायचा बेल्ट बरा. भंगारातला बेल्ट अजिबात घेऊ नका, तो एखाद्या अपघातात ताणला गेलेला असू शकतो. आणि ड्रिल मारण्याआधी पेट्रोलची टाकी, पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते बघून घ्या.

प्रतिसाद 2:
मुलीसाठी बूस्टर सीट घ्याच. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट खांद्यावर न बसता मानेवर येतो आणि कमरेचा पट्टा पोटावर सरकतो. व्हीएबद्दल एक मुद्दा बाबांना सांगा: तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे सहकुटुंब फिरणंच बंद.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. व्हीएचा हा मुद्दा आज जेवताना बाबांना सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "लायनिंग फाटू न देता कोण उतरवेल ते आधी शोध" म्हणाले. तर मंडळी, आता डेंटरच्या आधी जुनं लायनिंग हाताळणारा सीटवाला हवा आहे. पार्ले ते कुर्ला पट्ट्यात कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काम सुरू करण्याआधी अंधेरी आरटीओत लेखी विचारणा करणार आहे, उत्तर आलं की इथे टाकतो.