मदत हवी आहे: बीटल घ्यावी की पहिली गोल्फ?

ओलारस्ता: स्टुटगार्टजवळ राहतो. जुनी फोक्सवॅगन घ्यायची आहे. एक बीटल पाहिली, एक पहिल्या पिढीची गोल्फ. किंमत जवळपास सारखीच. दोन्ही मालक शुक्रवारपर्यंत उत्तर मागताहेत. कुठली घेऊ? कृपया ‘इलेक्ट्रिक घ्या’ नको.

चहाबाज: साल?

घाटवळण: गोल्फ जीटीआय, म्हणजे वेगवान आवृत्ती आहे का? ती बीटलच्या भावात मिळत असेल तर खाली सगळा गंज असणार, लिहून घ्या.

ओलारस्ता: साधीच हो. १९८१ ची, ५० अश्वशक्ती. बीटल १९६९ ची, १३०० इंजिनची. आता तरी सांगा.

चहाबाज: बीटल. एअर-कूल्ड इंजिन, रेडिएटरच नाही. पाणीच नाही तर गळणार काय?

घाटवळण: तेल! शिवाय दर पाच हजार किलोमीटरला टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं. गरम हवा दाराखालच्या पोकळ पट्टीतून येते, तीच आधी सडते. मग हिवाळ्यात काच पुसत बसा.

चहाबाज: आणि पहिल्या गोल्फचा पत्रा काय स्टेनलेस होता?

खिडकीजवळ: आमच्या बाबांची पद्मिनी होती. मूळची फियाट ११००, बनायची कुर्ल्याला. तिचा गिअर स्टीअरिंगजवळ. काय दिवस होते!

प्रश्नचिन्ह: ही गाडी पुण्याला न्यायची तर कस्टम ड्युटी किती बसेल?

ओलारस्ता: कोण नेतंय पुण्याला?

मोजूनमापून: दोन्ही तीस वर्षांपुढच्या, त्यामुळे मूळ रूपात आणि ठीकठाक असतील तर एच नंबरप्लेट, म्हणजे जर्मनीतली क्लासिक गाड्यांची पाटी मिळेल. वर्षाला सरसकट १९१ युरो कर, आणि शहराच्या पर्यावरण झोनमध्ये कमी प्रदूषणाच्या हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं. पण क्लासिकचा विमा देणारे बहुतेक जण रोजच्या वापराची दुसरी गाडी आहे का विचारतात. तुमच्याकडे आहे ना?

ओलारस्ता: नाही. हीच रोज ऑफिसला नेणार. ऑटोबानने, म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेने.

घाटवळण: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! मग विषय संपला. गोल्फ. पुढे इंजिन, पुढच्या चाकांना ओढ, मागे दार उघडून सामान. बीटल बाजूच्या वाऱ्यात हलते आणि १२० ला दमते.

चहाबाज: हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. रोज चालवलीत तर दोन्ही संपतील. रोजच्याला साधी सेकंडहँड घ्या, बीटल रविवारी.

मोजूनमापून: गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे अजून कळलं नाही. आणि बीटलच्या मागच्या सीटखाली बॅटरी असते, तिथल्या पत्र्याचा फोटो टाका.

ओलारस्ता: रस्त्यावरच. फोटो उद्या. पद्मिनीवाल्यांनी वेगळा धागा काढा.

खिडकीजवळ: काढला. या सगळे.