शब्दचर्चा : पाठ्यपुस्तकातला मजकूर 'गाळला', 'वगळला' की 'सेन्सॉर' झाला?

प्रश्न : शाळेच्या पुस्तकातला मजकूर वरच्या आदेशाने काढला, तर मराठीत नेमके काय म्हणावे? कोशात 'सेन्सॉर'साठी 'अभ्यवेक्षण' सापडते, पण ते वाचून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही.

खिळेजुळारी : अभ्यवेक्षणात लिहिणारा एक आणि परवानगी देणारा दुसरा असतो. नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, तसे. पाठ्यपुस्तक एनसीईआरटी (केंद्राची राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) किंवा बालभारती स्वतःच लिहून घेते आणि स्वतःच छापते. त्यामुळे कात्री लागली तरी कागदोपत्री ते 'संपादन' ठरते. शब्दाची अडचण इथून सुरू होते.

काना-मात्रा : 'वगळणे' आणि 'गाळणे' यांत गल्लत नको. २०२० मध्ये करोनामुळे राज्य मंडळाने २५ टक्के पाठ्यक्रम कमी केला. पुस्तक तेच राहिले, त्या भागावर परीक्षेत प्रश्न नव्हते इतकेच. हे 'वगळणे'. एनसीईआरटीने २०२२ मध्ये यादी काढली आणि पुढच्या छपाईत तो मजकूरच नव्हता. हे 'गाळणे'. दहावीच्या विज्ञानातला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा नुसता 'आनुवंशिकता' झाला. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण तर अख्खे गेले. (बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकांत हे दोन्ही धडे आहेत.)

आणि एक गंमत. प्रश्नपत्रिकेतल्या 'गाळलेल्या जागा' निदान रेघेने दाखवलेल्या असतात. नव्या छपाईत तीही नसते.

प्रश्नकर्ता : मग बातम्यांत येणारे 'सुसूत्रीकरण'?

खिळेजुळारी : तो काढणाऱ्याचा शब्द, अवतरणचिन्हांतच ठेवा. एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकांत त्याच कामाला 'पुनर्संयोजन' म्हटले आहे. कारण दिले ते विद्यार्थ्यांवरचा बोझा कमी करण्याचे. 'छाटणी'सुद्धा जपून वापरा. छाटणी झाड जोमाने वाढावे म्हणून करतात, म्हणजे हेतू चांगला हे आधीच मान्य केल्यासारखे होते. एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी जून २०२३ मध्ये 'आमची नावे काढा' असे कळवले, ते पुस्तक ओळखू येईनासे झाले म्हणून. त्याला मराठीत 'मोडतोड' म्हणतात.

काना-मात्रा : शब्द ठरवण्याआधी पडताळा घ्यावा. जुनी प्रत, नवी प्रत आणि परिषदेची यादी शेजारी ठेवायची. यादीत प्रकरण, पृष्ठक्रमांक आणि काढलेला भाग असे रकाने आहेत. यादीत आहे ते 'जाहीरपणे गाळलेले'. यादीत नाही, पण नव्या प्रतीतही नाही, ते 'परस्पर गाळलेले'. बारावीच्या पुस्तकातली गांधीहत्येविषयीची काही वाक्ये या दुसऱ्या गटातली. एप्रिल २०२३ मध्ये ते उघड झाल्यावर परिषदेने नजरचुकीचे कारण पुढे केले. ती चूक यादी करतानाची, वाक्ये काढतानाची नव्हे. म्हणून 'नजरचुकीने वाक्ये गळली' असे लिहिले की अर्थ उलटा होतो. 'गळणे' आपोआप होते, 'गाळणे' कुणीतरी करते.

टाकबोरू : जपानीत यासाठी चित्रदर्शी शब्द आहे : सुमिनुरी. सुमी म्हणजे काजळीची शाई, नुरी म्हणजे माखणे. १९४५ च्या पराभवानंतर नवी पुस्तके छापायला सवड नव्हती, म्हणून युद्धाचा गौरव करणाऱ्या ओळी मुलांकडूनच कुंचल्याने काळ्या करवून घेतल्या. काही पाने चिकटवली, काही कापली.

प्रश्नकर्ता : त्याला 'काळे फासलेले पुस्तक' म्हणता येईल?

टाकबोरू : नको. काळे माणसाच्या तोंडाला फासतात, त्यात धिंड आली. 'ओळी काळ्या केलेले पुस्तक' म्हणा. एनसीईआरटीच्या पुस्तकाला मात्र हे लावू नका, तिथे काळी ओळ शोधूनही सापडणार नाही.