पुणे ते पाचगणी, अण्णांच्या निमित्ताने

सचिव (बी विंग): ए ७०१ च्या अण्णांच्या निमित्ताने डिमेन्शियासाठी (स्मृतिभ्रंश) निधी गोळा करायची सायकल राइड कमिटीने काल नक्की केली. पुणे ते पाचगणी, साधारण १०० किमी, किलोमीटरमागे १० रुपये देणगी. आतापर्यंत १४ नावं आलीत. काय सुचवायचं ते इथेच लिहा, खासगीत नको.

सी ५०३: पहिली गोष्ट तारीख. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन असला तरी राइड तेव्हा नको. पाऊस गेलेला नसतो, घाटात कडेला शेवाळ आणि सुटी खडी असते. डिसेंबरचा दुसरा रविवार घ्या. शनिवारी सकाळी अर्धं पुणे गाड्या घेऊन वर निघतं, रविवारी सकाळी त्या मानाने रस्ता मोकळा असतो. नाताळच्या आठवड्यात पसरणी घाटात पाऊल ठेवू नका.

निघायचं पहाटे ५.३०. जुना कात्रज घाट, शिंदेवाडीला हायवे, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाट्याला उजवीकडे, वाई, मग पसरणी. वाई सकाळी ११ च्या आत गाठायचीच. ज्याला जमणार नाही त्याने तिथेच टेम्पोत बसायचं, यावर वाद नको. वाईनंतर १२ किमीत सुमारे साडेपाचशे मीटर चढ आहे. तापलेल्या उन्हात, आधीच थकलेल्या पायांनी तो चढताना माणूस चक्कर येऊन पडतो.

ई ६०२: माझी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, चालेल ना?

सी ५०३: चालेल. पण २.१ इंची टायरला ३५-४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवा, रोड बाइकवाल्यांचं ऐकून ८० भरू नका. मागच्या कॅसेटचं, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचाचं, सगळ्यात मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं असू द्या, २५ वर पसरणीत गुडघे जातात. प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब घ्यायच्या. व्हॉल्व्ह बारीक आहे की मोटारसायकलसारखा जाड, ते आत्ताच बघा. ऐनवेळी पंप बसत नाही तो यामुळेच.

मागचा लाल दिवा सगळ्यांना सक्तीचा. डिसेंबरात वाईच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे रिफ्लेक्टर नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर आलेला असतो. ओव्हरटेक करताना हातभर नाही, पूर्ण ट्रॉलीएवढी जागा सोडा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घालायचं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं की मळमळतं आणि तहान आणखी वाढते. खायला तासाला एक केळं आणि एखादी चिक्की, भूक लागायच्या आधी.

डी १०४: सगळं छान आहे, पण अण्णांजवळ त्या दिवशी कोण? यादीत ए ७०१ चे दादा आणि ताई दोघंही दिसतायत.

ए ७०१: अटेंडंट ताई सांगितल्या आहेत, सकाळी ५ ते रात्री ८.

डी १०४: पहाटे ५ ला दार उघडून एकदम अनोळखी बाई समोर, हे नको दादा. अण्णा आंघोळीला नकार देतील, औषध थुंकतील आणि "घरी जायचंय" म्हणून दाराकडे जातील. त्या ताईंना आधीचे किमान आठ दिवस रोज दोन तास बोलवा, चहाच्या वेळी. पहिले तीन दिवस काम काहीच सांगू नका, नुसतं बसू द्या. आंघोळ त्यांच्याकडून सहाव्या-सातव्या दिवशी.

दुसरं, संध्याकाळ. तुमचा टेम्पो २.३० ला पाचगणीहून निघाला तर रविवारच्या परतीच्या गर्दीत ५.३०-६ सहज होतील. नेमकी तीच वेळ अण्णांच्या घालमेलीची. उजेड कमी झाला की सावल्या वेगळ्या दिसतात, दिवसभराचा शीण असतो, आणि तेव्हा घरचा आवाज लागतो. माझं ऐकाल तर तुमच्या घरच्या ताईंनी सायकल वाईपर्यंतच चालवावी आणि ११ ला गाडीने मागे फिरावं. त्या २-२.३० ला घरी असतील.

ए ७०१ (ताई): चालेल. वाईपर्यंत.

डी १०४: छान. हॉलचे दिवे ५ लाच लावा, पडदे ओढा. काळोखात काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की कोणीतरी आलंय असं त्यांना वाटतं. मुख्य दाराला एक कडी अगदी खाली लावून घ्या. नजर सहसा तिथे जात नाही. पण अण्णा एकटे असताना ती लावायची नाही, आग लागली तर?

आणि आधीच्या दोन दिवसांत अण्णा अचानक जास्त गोंधळले, पेंगायला लागले, तर "आजार वाढला" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नवं औषध, हे आधी डॉक्टरांकडून बघून घ्या. डिमेन्शिया सहसा एका रात्रीत वाढत नाही.

सचिव: गेटवर काय सांगू?

डी १०४: वॉचमनकाकांनी दंड धरून अडवायचं नाही. बरोबर चालायला लागायचं, "अण्णा, चहा घेऊ या का?" म्हणायचं आणि वळण घेत घेत परत आणायचं. केबिनमध्ये अलीकडचा फोटो आणि त्या दिवशीच्या कपड्यांचा रंग लिहून ठेवा.

बी २०२: पैशांचं सांगतो. सोसायटीच्या खात्यात नको, कोणाच्या यूपीआयवर तर नकोच. एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था १९९२ पासून या कामात आहे, त्यांच्याच खात्यात देणगीदाराने थेट भरायचं आणि इथे फक्त व्यवहार क्रमांक टाकायचा. पॅन आणि पत्ता दिला नाही तर पावती अडकते. २,००० च्या वर रोख दिली तर देणगीवरची करसवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, हे आधीच सांगा.

किलोमीटरमागे १० रुपये म्हणालात, म्हणजे एका सायकलीमागे १,०००. कोणी ६० किमीवर थांबला तर ६०० की १,०००? माझं मत पूर्ण. नाहीतर लोक पैशांसाठी दुखऱ्या गुडघ्याने घाट चढतील. टेम्पो, केळी, टी-शर्टचा खर्च सायकलवाल्यांनी करायचा, देणगीतला एक रुपयाही नाही.

सी ५०३: मुलगा न्यू जर्सीहून देणार म्हणतोय.

बी २०२: पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देता येईल. अमेरिकन झाला असेल तर तो विदेशी निधी धरला जातो, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं) असलं तरी. मग संस्थेची एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी आणि त्यासाठीचं वेगळं खातं विचारूनच पाठवू द्या.

ई ६०२: पोस्टरवर अण्णांचा फोटो टाकू?

डी १०४: नको. त्यांना विचारून होकार मिळण्यासारखी स्थिती नाही. त्यांच्या जुन्या हर्क्युलस सायकलचा टाका.

सी ५०३: ती हर्क्युलस पार्किंगमधून काढलीय. टायर २८ x १½ चा आहे, नावात २८ असलं तरी ७०० ची ट्यूब त्यात नको, मूळ मापाचीच आणतो. रॉडचे ब्रेक लोखंडी रिमवर दवात धरत नाहीत, म्हणून ती घाटात न्यायची नाही. गेटपर्यंतच चालवू.

डी १०४: मग ती अण्णांसाठी खालीच ठेवा. हाताची सवय खूप उशिरा जाते. १० वाजता अटेंडंट ताईंनी त्यांना कोरडं फडकं द्यायचं आणि मडगार्ड पुसू द्यायचं. तेलाची कुपी हाताशी ठेवू नका, पिण्याचं समजून तोंडाला लावतील. चेन-कव्हर काढू नका, बोटं जातात.

सी ५०३: स्टँड ढिला आहे, शनिवारी बदलतो.