मुलीचं नाव ‘कारवी’ ठेवावं का? घरात दोन तट पडलेत

वारजेकर_आई:
नमस्कार मंडळी, मुलगी झालीय, पुढच्या रविवारी बारसं. मृगाचं तिसरं चरण म्हणून अक्षर ‘का’ आलंय. काव्या आमच्या सोसायटीत ऑलरेडी दोन आहेत आणि कार्तिकी नवऱ्याच्या चुलतभावाने पळवली. मला ‘कारवी’ फार आवडलंय, कॉलेजात असताना राजगडाच्या उतारावर ती निळीजांभळी फुललेली बघितली होती तेव्हापासून डोक्यात आहे. पण सासूबाईंचं माहेर वेल्ह्याकडचं, त्या म्हणतात कारवी म्हणजे कुडाच्या काठ्या, पोरीला काय काठी म्हणून हाक मारायची? त्यात नवऱ्याने गुगल करून शोधलं की फुललं की झाड मरतं, म्हणजे अपशकुन. खरंच इतकं वाईट आहे का नाव?

डोंगरभटक्या:
आधी अभिनंदन! नवऱ्याने अर्धंच वाचलंय. कारवी साधारण सात वर्षं नुसती पानांवर वाढते, मग एका पावसाळ्यात अख्खा उतार एकदम फुलतो, ऑगस्टच्या आसपास सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत वगैरे. मग बी धरतं आणि झाड वाळतं हे खरं, पण पुढच्या पावसाच्या ओलीने बोंडं तडतड फुटून बी लांब उडतं आणि त्याच जागी सगळी नवी रोपं एकदम उगवतात, म्हणून तर एका डोंगरावरची कारवी एकाच वयाची असते. उभ्या उतारावरची माती तीच धरून ठेवते. प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं, त्यामुळे एकदा हुकली तर सात वर्षं थांबायची गरज नाही, दुसरा डोंगर गाठायचा 😄 केरळातली बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी हिचीच बहीण. आणि एक, कासच्या पठारावर जी बुटकी, पालथ्या टोपलीसारखी दिसते ती टोपली कारवी, ती वेगळी. पाहुण्यांना फोटो दाखवताना घोळ घालू नका, आमच्यासारखे लोक बारशातही दुरुस्ती करतात.

मुळशीची_माई:
सासूबाई खोटं बोलत नाहीयेत गं. आमच्या जुन्या घराच्या भिंती कारवीच्याच होत्या, काठ्या उभ्या लावून बांधायच्या आणि वरून शेणमातीचं लिंपण, उन्हाळ्यात काय गारवा असायचा सांगू! वेलांच्या मांडवालाही त्याच काठ्या. पण हे ऐकून मला तर नाव जास्तच आवडलं, नुसतं फूल असून काय उपयोग, सायलीजाई पुष्कळ आहेत. त्यांना विचार कारवी फुलली की त्या वर्षीचा मध कसा दाट आणि काळपट लागायचा, बोलत्या होतील. वाद घालू नकोस, बोलतं कर.

पेठी_खवचट:
नाव छान आहे पण आडनाव कर्वे नाही ना? कारवी कर्वे, राहणार कर्वे रोड, कुरियरवाला दारातूनच परत जाईल. शाळेत ‘करवली’ म्हणून चिडवणार हे धरून चाला. आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये के नंतर ए दोनदा घाला, नाहीतर बँकेत ‘करवी’ म्हणून पुकारतील.

कागदपत्रवाला:
स्पेलिंगचं आत्ताच ठरवा, नंतर बदलायला फार हेलपाटे पडतात. पण रविवारची घाई दाखल्यासाठी करू नका, जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे, ती बिननावाचीही होते, नाव मग १२ महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं. बारशाचं टेन्शन वेगळं, कागदाचं वेगळं.

वारजेकर_आई:
सगळ्यांना थँक्यू! माई, तुमची आयडिया चालली, मधाचं काढलं तर सासूबाई तासभर बोलत होत्या, त्यांचे आजोबा पोळी काढायचे म्हणे, आम्हाला हे माहीतच नव्हतं. नणंदबाई माझ्या बाजूने आहेत आणि कानात नाव आत्याच सांगणार, म्हणजे अर्धी लढाई जिंकली. सासूबाईंची एकच अट, पाळण्यातलं नाव काशी ठेवायचं, त्यांच्या आजीचं. ते मान्य. नवरा अजून ‘काहीतरी मॉडर्न बघू’ म्हणतोय पण त्याला कोण विचारतं. स्पेलिंगमध्ये डबल ए फायनल.

पेठी_खवचट:
आडनाव अजून सांगितलं नाहीत.