शब्दचर्चा : 'पुट', 'फ्री', 'पिन' यांना काय म्हणावं?

खटपट्या : लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवरच्या मराठी टिपणात 'पुट' आणि 'फ्री' दोन्हींना 'मुक्त करणे' लिहिलंय. पण जेम ऑब्जेक्टवर (ड्रायव्हर ग्राफिक्स मेमरीचा हिशेब ज्यानं ठेवतो त्या नोंदीवर) पुट झालं तरी मेमरी जागेवरच असू शकते. मग मुक्त काय झालं? 'पिन'लाही, म्हणजे मेमरी जागेवरून हलू न देण्यालाही, शब्द हवाय.

पाटीपेन्सिल : पुट म्हणजे 'सोडणे', फ्री म्हणजे 'मोकळी करणे'. एका भाडेकरूनं खोली सोडली, तरी दुसरा आत असेपर्यंत ती मोकळी होत नाही. जेममध्ये धारकांची, म्हणजे ऑब्जेक्ट वापरणाऱ्यांची, मोजणी असते. गेट (वापरायला घेणं) केलं की एकानं वाढते, पुट केलं की एकानं घटते. शून्यावर आली तरच ड्रायव्हरचं फ्री फंक्शन चालतं. एररच्या वाटेवर पुटऐवजी थेट केफ्री (मेमरी लगेच मोकळी करणारं कर्नलचं फंक्शन) लिहिलं, तर दुसऱ्या धारकाकडे मेलेला पत्ता राहतो. पुट विसरलं तर गळती. 'मुक्त'नं हा फरकच पुसला जातो.

उंबरठा : मान्य. मग 'मॅनेज्ड'चं, म्हणजे आपोआप आवरल्या जाणाऱ्या मेमरीचं, काय? 'व्यवस्थापित' वाचून काहीच कळत नाही.

पाटीपेन्सिल : कारण त्यात 'कोणाबरोबर जाणार' ते येत नाही. प्रोबच्या (उपकरण सुरू करणाऱ्या फंक्शनच्या) शेवटी गोटूची, म्हणजे चूक झाली तर उडी मारून आवरायच्या लेबलांची, उतरंड असते, सगळ्यात वरचं मडकं आधी उतरवायचं. एक लेबल चुकलं की खापरं. मॅनेज्ड फंक्शनं वापरली की कर्नल स्वतःच उलट क्रमानं आवरतं आणि ही लेबलं जातात. पण त्यांचे दोन प्रकार आहेत : डेव्हएमनं घेतलेली मेमरी ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की जाते, डीआरएमएमची डीआरएम डिव्हाइसचा (कर्नलमधल्या ग्राफिक्स उपकरणाच्या नोंदीचा) शेवटचा धारक गेल्यावर. कनेक्टरची (पडद्याच्या जोडणीची) रचना डेव्हएमनं घेतली, एखाद्या प्रोग्रॅमनं फाइल उघडी ठेवली आणि मधेच उपकरण काढलं, तर तो प्रोग्रॅम मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतो. रजिस्टरांचं मॅपिंग, इंटरप्ट यांना डेव्हएम ठीक. मी 'उपकरणाबरोबर आवरणारी' आणि 'शेवटच्या धारकाबरोबर आवरणारी' असं लिहीन. लांबलचक आहे, पण चूक घडू देत नाही.

खटपट्या : आणि पिन? 'खिळवणे' चालेल?

गणिती : व्हीरॅमपुरतं (ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपुरतं) चपखल. 1920×1080, पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे एक फ्रेम 82,94,400 बाइट. 8 एमबी म्हणजे 83,88,608. एक फ्रेम खिळवली की उरले 94,208, दुसरी बसणारच नाही. व्हीरॅम मोठी असली तरी मधोमध खिळलेला बफर (चित्र ठेवलेला मेमरीचा तुकडा) हलत नाही, त्यामुळे जागा तुकड्यांत उरते. मॅट्रॉक्स चिपांच्या एमजीएजी200 ड्रायव्हरनं व्हीरॅमची मदतनीस फंक्शनं सोडून शेममची (मुख्य रॅम वापरणारी) धरली, त्यानंतर बफर मुख्य रॅममध्ये राहतात आणि बदललेला भागच व्हीरॅममध्ये नकलला जातो. पिन-अनपिनचा बराच कोड तिथेच गेला. शेममच्या पिनचा अर्थ मात्र मेमरीची पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, जाऊ न देणं. तिथे 'धरून ठेवणे' लिहा.

उंबरठा : म्हणजे एका पिनला दोन शब्द?

गणिती : हो. इंग्रजीत एकच आहे म्हणून आपणही घोटाळा का करावा? फक्त मोजणी दोन्हीकडे असते, हे एकदा सांगून टाका : दोनदा पिन, तर दोनदा अनपिन.