ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक: बेकर मेफिल्ड की कायलर मरे?

विश्रामबागचा_ओंकार

नमस्कार मंडळी. धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे, क्रिकेटवाल्यांनी आणि कुस्तीवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

माझा मावसभाऊ यंदा ओक्लाहोमा विद्यापीठात एम.एस.ला गेलाय, नॉर्मनला. गेल्यापासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नाही. त्याचं म्हणणं, बेकर मेफिल्डसारखा क्वार्टरबॅक (पास टाकून टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू) त्या कॉलेजात झाला नाही, स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा आहे, विषय संपला. मी इकडं विश्रामबागेत बसून यूट्यूबवर जुन्या मॅचेस बघतो आणि मला कायलर मरे भारी वाटतो.

आकडे काढले तर डोकंच चालेना. मेफिल्ड, २०१७: पासचे ४,६२७ यार्ड, ४३ टचडाउन पास (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेऊन गुण देणारे), ६ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). मरे, २०१८: ४,३६१ यार्ड, ४२ टचडाउन पास, ७ इंटरसेप्शन. दोघांनाही त्या त्या वर्षी हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. दोघंही एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या नंबरवर, एक क्लीव्हलँड ब्राउन्सकडं, दुसरा अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडं. कोचही एकच, लिंकन रायली. मग फरक बघायचा कशात?

एनएफएलमध्ये पुढं काय झालं ते इथं नको, फक्त कॉलेजचं बोला. दिवाळीला तो व्हिडिओ कॉलवर सापडणार आहे, तोवर मला मुद्दे पाहिजेत.

हळदगल्ली_सांगली

आपल्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना जगभर गोलंदाज फोडतीय आणि पोरं ओक्लाहोमावर भांडतायत. चालू द्या. पण तो चेंडू लांबट का असतो तेवढं कुणीतरी सांगा.

तासगावकर_हवामान

ओंकार, बरोबर माणसाच्या हाती लागलास. २०१७ आणि २०१८, दोन्ही सीझन मी नॉर्मनलाच होतो. शिकायला हवामानशास्त्र होतं, वादळांच्या अभ्यासाचं ते मोठं केंद्र आहे. फुटबॉलची आवड कुणी विचारत नाही तिथं, ती लागतेच. मॅचच्या शनिवारी मेसपासून लायब्ररीपर्यंत सगळं गाव लाल. आता तासगावात द्राक्षबाग बघतो. छाटणी उरकलीय, डाउनी बुरशीच्या फवारणीचं चालू आहे, म्हणून रात्री लिहितोय.

आकड्यांत फरक दिसणार नाही ते साहजिक आहे. एका तालमीतले दोन पैलवान, वस्ताद एक, खुराक एक, डाव सारखेच दिसणार. रायलीची आखणी तीच, मार्क्विस ब्राउन आणि सीडी लॅम हे रिसीव्हर (पास झेलणारे) दोघांच्याही वाट्याला आले, आणि क्वार्टरबॅकला राखणारी पुढची लाइन अशी तगडी की २०१८ साली देशातल्या सर्वोत्तम लाइनचा ‘जो मूर’ पुरस्कार तिलाच मिळाला. त्यामुळं यार्ड आणि टचडाउन बाजूला ठेव. २५ नोव्हेंबर २०१७ ची वेस्ट व्हर्जिनियाची मॅच काढ. दोघं एकाच दिवशी, एकाच मैदानावर, एकाच समोरच्या टीमपुढं बघायला मिळतात.

आधीच्या आठवड्यात कॅन्ससमध्ये त्यांच्या कॅप्टननी टॉसच्या वेळी मेफिल्डशी हात मिळवला नाही. गडी तापट. मॅचमध्ये त्यानं त्यांच्या बाकाकडं बघून नको ते हावभाव केले आणि कॅमेऱ्यात सापडला. रायलीनं शिक्षा दिली: पुढच्या मॅचला कॅप्टनपद नाही आणि सुरुवातही करायची नाही. ती पुढची मॅच म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या निरोपाची, घरच्या मैदानावर. सगळं स्टेडियम मेफिल्डसाठी आलेलं, आणि मैदानात उतरला मरे. पहिल्याच स्नॅपला (डाव सुरू करायला चेंडू मागं देतात तो) चेंडू घेऊन तो बाहेरच्या बाजूनं सुटला तो ६६ यार्ड. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई खुर्चीवर बसायच्या आतच तो पार पलीकडं. त्या ड्राइव्हवर (चेंडू सलग आपल्या ताब्यात असतो ती खेळी) टचडाउन झाला, मरे बाहेर आला, पुढच्या ड्राइव्हला मेफिल्ड आला आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. मॅच ५९-३१ नं जिंकली.

आता त्यातली बघण्यासारखी गोष्ट. मेफिल्डही पळायचा, पण पास टाकायला जागा मिळावी म्हणून. पॉकेट (लाइननं त्याच्याभोवती धरलेलं कडं) मोडला की तो डावीकडं, उजवीकडं, कधी मागं सरकणार, दोन बचावपटू अंगावर येईपर्यंत थांबणार, आणि तेवढ्यात लांब कुणीतरी मोकळा झालेला असणार. त्याची नजर कधी खाली पडत नव्हती. मरे हलला की समोरच्या लाइनबॅकरची (त्यांच्या पुढच्या फळीमागं उभ्या बचावपटूची) पंचाईत. पुढं यावं तर डोक्यावरून पास, थांबावं तर हा पळाला. म्हणजे एक माणूस फक्त याच्यावर पहारा द्यायला ठेवायचा, आणि तेवढाच पासच्या बचावातनं कमी झाला. २०१८ मध्ये मरेनं पासशिवाय १,००१ यार्ड पळून काढलेत आणि वर १२ टचडाउन. तुझ्या यादीत हे आकडे नाहीत. भावाला आधी हे विचार.

दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१८ चा ओक्लाहोमाचा डिफेन्स बघवत नव्हता. टेक्ससकडून ४८-४५ अशी हार झाल्यावर डिफेन्सचे कोच माइक स्टूप्स यांना मध्येच काढलं. तरी नोव्हेंबरात काय झालं बघ: टेक्सस टेक ५१-४६, ओक्लाहोमा स्टेट ४८-४७, कॅन्सस ५५-४०, वेस्ट व्हर्जिनिया ५९-५६. चारही जिंकल्या. चार मॅचमध्ये समोरच्यांना १८९ गुण देऊन चारही! ओक्लाहोमा स्टेटनं तर शेवटच्या टचडाउननंतर एका गुणाच्या किकनं बरोबरी न साधता जिंकायलाच दोन गुणांचा प्रयत्न केला होता, पास पडला म्हणून वाचलो. असल्या टीमच्या क्वार्टरबॅकला एक ड्राइव्ह वाया घालवायची मुभा नसते. मेफिल्डच्या २०१७ च्या टीमनं ओहायो स्टेटला त्यांच्या घरात १६ गुणांवर रोखलं होतं. ती चैन मरेला मिळाली नाही.

टेक्ससची ती हरलेली मॅच मात्र बघच. डॅलसला, चौथ्या क्वार्टरमध्ये ओक्लाहोमा २४-४५ नं मागं. तिथनं मरेनं ४५-४५ करून दाखवलं, त्यात स्वतः ६७ यार्ड पळून काढलेला एक टचडाउन. शेवटच्या काही सेकंदांत टेक्ससनं फील्ड गोल (किक मारून तीन गुण) मारला ते वेगळं. त्यांनाच पुढं बिग ट्वेल्व्ह या कॉलेजांच्या गटाच्या फायनलला ३९-२७ नं हरवलं.

माझं मत: एका सीझनचा खेळ म्हणून मरे. थोडाच पुढं, पण पुढं.

@हळदगल्ली, लांबट आहे म्हणून तर फिरकी देऊन फेकला की हवा कापत सरळ जातो. गोल चेंडू एवढा लांब असा कुणी टाकून दाखवावा.

इस्लामपूरचा_नाना

तासगावकर, तुम्ही तिथं होता, मान्य. पण २०१७ पासून होता. मेफिल्डची गोष्ट त्याआधी चार वर्षं सुरू झालीय आणि ती सोडून माप काढता येत नाही.

२०१३ ला टेक्सस टेकमध्ये हा पोरगा शिष्यवृत्तीशिवाय गेला आणि पहिल्याच वर्षी सीझनच्या पहिल्या मॅचला सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून उतरला. तिथनं निघाला, ओक्लाहोमाला कुणी न बोलावता आला, कॉलेज बदलीच्या नियमापायी २०१४ अख्खं वर्ष बाहेर बसला. समोर ट्रेव्हर नाइट होता, शुगर बोलमध्ये (‘बोल’ म्हणजे सीझनअखेरची मोठी मॅच) अलाबामाला हरवलेला. त्याची जागा घेतली. २०१५, २०१६, २०१७, तिन्ही वर्षं बिग ट्वेल्व्हचं विजेतेपद. हाइसमनच्या मतदानात आधी चौथा, मग तिसरा, मग पहिला. दरवर्षी एक पायरी वर. मरे इथं एकच वर्ष मुख्य क्वार्टरबॅक होता, आणि तेही मेफिल्डनं बसवलेल्या घडीवर.

आणि आकडेच पाहिजेत तर २०१६ ची टेक्सस टेकची मॅच बघा. ज्या कॉलेजनं याला किंमत दिली नाही त्यांच्याच मैदानावर. समोर पॅट्रिक महोम्स, ७३४ यार्ड टाकले त्यानं. मेफिल्डनं ५४५ यार्ड आणि ७ टचडाउन पास. ६६-५९. प्रेक्षक पूर्ण वेळ याला शिव्या घालतायत आणि हा हसतोय.

ओहायो स्टेटच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवला तेही सांगा की. आदल्या वर्षी नॉर्मनला येऊन ते ४५-२४ नं मारून गेले होते. नंतर माफी मागितली त्यानं. मागायला नको होती असं माझं मत, पण आमच्या घरात ते कुणाला पटत नाही.

मिरजेची_क्रीडाशिक्षिका

मी या खेळातली नाही. मुलींना भालाफेक शिकवते, त्यामुळे वादात न पडता फक्त फेकीबद्दल लिहिते. ओंकारने सांगितलेल्या दोघांच्या क्लिप्स काल रात्री बसून पाहिल्या.

मेफिल्ड पाय रोवून फेकतो. पळत असला तरी सोडण्याच्या क्षणी पुढचा पाय ठेवतो, कंबर फिरते, मग खांदा, मग हात. ताकद जमिनीतून वर येते. नव्या मुलींना दाखवायला हा उत्तम.

मरेचे निराळे आहे. कित्येक फेकींत त्याचे दोन्ही पाय नीट टेकलेलेही नसतात. कोपर खाली, हात बाजूने येतो, मनगटाचा झटका, आणि चेंडू चाळीस-पन्नास यार्ड जातो. नंतर वाचले की तो बेसबॉलमध्येही तितकाच पुढे होता, २०१८ च्या बेसबॉल ड्राफ्टमध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले होते. मग उलगडा झाला. बेसबॉलमध्ये पळता पळता चेंडू उचलून मिळेल त्या कोनातून फेकावा लागतो. उंचीही पाहा, जेमतेम पाच फूट दहा इंच. समोर साडेसहा फुटी माणसांची भिंत असताना फटीतून टाकायचे तर हाताचा कोन बदलता आलाच पाहिजे.

एक शंका. असे पाय न टेकता फेकणे थकल्यावरही साधते का? माझ्या अनुभवात सहाव्या फेकीला आधी हात दगा देतो, मग बाकीचे.

तासगावकर_हवामान

मॅडम, शंका रास्त आहे, आणि उत्तर अलाबामाच्या मॅचमध्ये आहे. ऑरेंज बोल, २९ डिसेंबर २०१८. दुसरा क्वार्टर सुरू होतोय तोवर अलाबामा २८-०. तिथनं पुढं मरेला प्रत्येक ड्राइव्हवर पळायचंही होतं आणि टाकायचंही. शेवटी ३०८ यार्ड पास, १०९ यार्ड पळून, स्कोअर ४५-३४. हरले, पण चौथ्या क्वार्टरमध्येही त्याचा हात पडलेला दिसत नाही. सुरुवातीचा पाऊण तास मात्र त्याचे पास घाईत सुटत होते. म्हणजे थकण्यापेक्षा अंगावर येणाऱ्या दाबाचा परिणाम जास्त, असं मला वाटतं.

नाना, कॉलेजसाठी कोण मोठा असं विचारलंत तर मी तुमच्याच बाजूला बसेन. पुतळ्याचा तो हक्कदार आहे. पण घडी बसवली मेफिल्डनं, हे मला पटत नाही. ती रायलीनं बसवली, २०१५ ला आक्रमणाचा कोच म्हणून आल्यापासून. मेफिल्ड त्या घडीत वाढला. मरेला अंगभूत जे होतं त्यात रायलीनं फार ढवळाढवळ केली नाही, हे त्या कोचचं शहाणपण.

आणि मरे एकच वर्ष खेळला हे त्याच्याविरुद्ध कसं धरायचं? अ‍ॅथलेटिक्सनी ४६ लाख ६० हजार डॉलरचा बोनस ठरवला होता. पैसे घेऊन बेसबॉलला निघून गेला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. गुडघा मोडायची भीती पत्करून तो तो सीझन खेळला.

रोझ बोलचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून मीच मेफिल्डच्या बाजूनं काढतो. १ जानेवारी २०१८, जॉर्जियाविरुद्ध. पूर्वार्ध संपायला सहा सेकंद असताना लॅमनं टाकलेला पास खुद्द मेफिल्डनं झेलून टचडाउन केला, ३१-१४. त्यानंतर किक अशी खुजी मारली की जॉर्जियाला जागा मिळाली, आणि त्यांनी ५५ यार्डांवरून फील्ड गोल मारून घेतला. तिथनं वारं फिरलं. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ५४-४८. लोक ती हार मेफिल्डच्या नावावर लिहितात. किक मारायला तो नव्हता आणि टॅकल करायलाही नव्हता.

इस्लामपूरचा_नाना

हे लिहिलंत ते बरं केलंत. मरेच्या पायांबद्दल माझी तक्रार नाहीच. दोन यार्ड हवेत आणि मॅच हातातनं चाललीय, अशा वेळी मी मेफिल्डकडं चेंडू देईन, एवढंच.

विश्रामबागचा_ओंकार

सगळ्यांचे आभार. हायलाइट्समध्ये यातलं निम्मंही कळत नाही. शनिवारी सकाळच्या मॅचेस आपल्याकडं रात्री साडेनऊ-साडेदहाला सुरू होतात, त्यामुळं आता लाइव्हही बघणार. पण आधी जुन्यातल्या दोन पूर्ण मॅचेस बघायच्या तर कुठल्या? दादा, तुम्हीच सांगा.

तासगावकर_हवामान

मेफिल्डची २०१७ ची ओक्लाहोमा स्टेट, ६२-५२. ५९८ यार्ड टाकलेत त्यानं, आणि मॅडम म्हणतात ते पाय रोवणं त्यात जागोजागी दिसेल. मरेची डॅलसची टेक्सस मॅच. ती मात्र पहिल्या क्वार्टरपासून बघ, थेट चौथ्यावर उडी मारू नकोस. टेक्ससचे लाइनबॅकर सुरुवातीला कुठं उभे आहेत आणि शेवटी कुठं उभे आहेत, तेवढं वहीत लिहून ठेव.