उजळणी कोण घ्यायचं तुमची?

पोवईनाका
दसऱ्याच्या आवराआवरीत माळ्यावरून एक रजिस्टर खाली आलं. दोनशे पानी, खाकी कव्हर, वर माझ्या अक्षरात 'राज्यशास्त्र 2008'. लेकीनं उघडलं आणि म्हणाली, "आई, हे उंदरानं कुरतडलंय." प्रत्येक पानाच्या कडेला बारीक गोल भोकं. कुठं तीन, कुठं आठ-नऊ, एका पानाची कड तर जाळीच झालेली.

उंदीर नव्हे, दादा. म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, शिक्षण सातवी. मी बीए झाल्यावर घरूनच एमपीएससीचा अभ्यास करत होते, पुण्यात राहायचा खर्च झेपणारा नव्हता. दादा ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, चहा झाला की खाटेवर मांडी घालून बसायचे आणि हात पुढं करायचे. "हं, आण तुझं वेबिल." वेबिल म्हणजे खरं तर कंडक्टरचा हिशेबाचा कागद, आमच्याकडं हे रजिस्टर. मग प्रश्न सुरू. उत्तर बरोबर आलं की तिकीट पंच खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा टणटण. चुकलं की एकदाच टण. म्हणजे गाडी थांबली, पान पहिल्यापासून. अख्खं पान न अडखळता गेलं तरच कडेला एक भोक.

मूलभूत हक्क मला क्रमानं कधी यायचेच नाहीत. दादांनी ते सातारा-कराड गाडीत बसवले. शेंद्रे म्हणजे समता, 14 ते 18. नागठाणे स्वातंत्र्य, 19 ते 22. अतीत शोषणाविरुद्ध, 23-24. काशीळ धर्म, 25 ते 28. उंब्रज संस्कृती आणि शिक्षण, 29-30. कराड आलं की 32, घटनात्मक उपाय, सगळे उतरा. मी म्हटलं, मधलं 31 कुठं गेलं? तर म्हणाले, तूच सांग. मालमत्तेचा हक्क, 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं काढला, आता 300-क मध्ये आहे. "मग असं म्हण की, थांबा रद्द झाला, पुढं फाट्यावर हलवला."

अजून हायवेनं जाताना शेंद्रे आलं की मला 'कायद्यापुढे समानता' आठवतं. नवरा हसतो.

मुख्य परीक्षा दोनदा दिली, मुलाखतीपर्यंत गाडी गेली नाही. आता शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. जाळी झालेलं पान राज्यपालांच्या अधिकारांचं निघालं. तेच सारखं चुकायचं, म्हणून दादा तेच सारखं काढायचे.

तर सांगा, तुमची उजळणी कोण घ्यायचं?

एकच_अटेम्प्ट
ताई या रजिस्टरची पीडीएफ मिळेल का

पोवईनाका
2008 चं आहे रे ते. आणि भोकं पीडीएफमध्ये दिसायची नाहीत.

खिलारी
आमच्यात म्हस. चेष्टा न्हाई. विट्याजवळ गाव, सकाळी पाचला धारा काढायला मीच. दोन हात गुंतल्यात, पुस्तक धरणार कसं. मग आदल्या रात्री जे वाचलंय ते म्हशीला मोठ्यानं सांगायचं. पंचायतराज सगळं तिच्याच कानात गेलंय. बलवंतराय मेहता समिती 1957, 73 वी घटनादुरुस्ती, अंमल 24 एप्रिल 1993. मी अडखळलो की धार थांबायची, धार थांबली की ती मागं वळून बघायची. आई गोठ्याच्या दारातनं म्हणायची, आरं तिला तरी सुखानं दूध दिऊ दे.

मिरजेची_सून
खिलारी दादा हसून हसून पोळी करपली माझी.

माझं उलटं आहे. ह्यांची उजळणी मी घ्यायचे. हे दुकान बंद करून नऊला यायचे, जेवायला बसले की मी तव्यापाशी आणि पुस्तक पिठाच्या डब्यावर उघडं. एक भाकरी थापायची, एक प्रश्न विचारायचा. सगळ्या पानांना पिठाची बोटं. शिखरांची उंची मीटरमध्ये, कळसूबाई 1646, साल्हेर 1567, महाबळेश्वर 1438, हरिश्चंद्रगड 1424. ह्यांचं शेवटच्या दोघांत कायम अदलाबदल. मला मात्र विचारून विचारूनच पाठ झालं, उत्तर बघायला मान वळवावी लागेना. मग सासूबाईच म्हणाल्या, अगं तुला सगळं येतंय तर तूच का नाही फॉर्म भरत. 2023 ची तलाठी भरती भरली, निघाली पोस्ट. हे म्हणतात, प्रश्न विचारायची फी वसूल केलीस.

आता भाकऱ्या तेच करतात. जाड होतात पण काय बोलणार.

रहिमतपूरचा_पाहुणा
महाबळेश्वर हरिश्चंद्रगड सगळ्यांचंच चुकतं वहिनी, ह्यांना माफ करा

गावभाग
माझी उजळणी कृष्णामाईनं घेतली.

सांगलीत मारुती चौकाच्या अलीकडं घर. ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाशी 45 फूट म्हणजे धोका हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळं 45 होईपर्यंत आम्ही निवांत. त्या वर्षी 57 च्या वर गेलं. आईला आणि आजीला आधी विश्रामबागला आत्याकडं सोडलं, परत येईपर्यंत जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी. फ्रिज, मिक्सर, देव, गॅसची टाकी वर नेली आणि नोट्सची ट्रंक कॉटखालीच राहिली. तीन वर्षांच्या नोट्स.

आठ-दहा दिवसांनी दार उघडलं. ट्रंकेत गाळ. पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. आत्याच्या गच्चीवर दोरीला चिमटे लावून एकेक पान सोडवून वाळत घातलं. तेव्हा कळलं, जेलपेननं लिहिलेलं सगळं निळ्या डागांचं झालंय आणि बॉलपेनचं जसंच्या तसं. मी भूगोल आणि करंट म्हणजे चालू घडामोडी जेलनं लिहायचो, अक्षर भारी येतं म्हणून. पॉलिटी, म्हणजे राज्यशास्त्र, दहा रुपयांच्या बॉलपेननं. म्हणजे पॉलिटी वाचली आणि भूगोल वाहून गेला. कृष्णेचाच भूगोल कृष्णेनं नेला.

मग कोऱ्या वहीत आठवेल तसं लिहायला बसलो. पुस्तक न उघडता. जे लिहिता आलं ते आपलं, जे नाही आलं ते कधी आपलं नव्हतंच. तीन वर्षं मी वाचतोय असं वाटत होतं, खरं तर रंगीत रेघा मारत होतो.

कृष्णेचे संगम तर आता झोपेत सांगेन. माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. आमच्याकडं पाणी किती येणार ते या सगळ्याजणी मिळून ठरवतात.

तारळेकर
उंब्रजला तारळी विसरलात

पलूस_एक्सप्रेस
आणि ब्रह्मनाळची येरळा कुठं गेली साहेब? पुरात बोट उलटली ते ब्रह्मनाळ विसरू नका 2019 च्या गोष्टीत तरी.

गावभाग
खरंय. चुकलो. विसरलो नाही, लिहायचं राहिलं.

चारभिंती
आई घ्यायची माझी. एवढंच लिहिते.

मिरजेची_सून
चारभिंती, सवडीनं लिही गं कधीतरी. नाही लिहिलंस तरी चालेल.

झेरॉक्स_कॉर्नर
माझी उजळणी झेरॉक्सवाल्या काकांनी घेतली, एकाच प्रश्नाची. "आता तरी होणार का रे?" राज्यसेवा पूर्व परीक्षा 2020. आधी 5 एप्रिल 2020. मग लॉकडाऊन, मग एकेक नवी तारीख. प्रत्येक तारखेला मी प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढायला काकांकडं. 14 मार्च 2021 पक्की म्हणून सातारला मावशीकडं येऊन राहिलो, तीन दिवस आधी ती पण पुढं. शेवटी 21 मार्चला झाली. काकांनी शेवटच्या प्रतीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, याच्यावर मीच आता अर्ध्या मार्कांचा हक्कदार.

उजळणीचं म्हणाल तर त्या वर्षभरात सगळं इतक्या वेळा झालं की करंट अफेअर्सचा इतिहास झाला.

एकच_अटेम्प्ट
हे सगळं ठीक आहे पण नवीन पॅटर्नची उजळणी कशी करायची ते कुणी सांगेल का? मुख्यला वर्णनात्मक उत्तरं आल्यापासून काय सुचत नाहीये

लेखणी_बहाद्दर
घाबरू नको. मुख्यला आता निबंध 250, सामान्य अध्ययनाचे चार पेपर 250 चे, वैकल्पिक विषयाचे दोन 250 चे, झाले 1750. मुलाखत 275. एकूण 2025, आणि लागू पण 2025 पासूनच, आपोआप लक्षात राहतं. मराठी आणि इंग्रजी फक्त पात्रतेपुरते, 25 टक्के, पण त्यांना हलकं धरू नको. वर लिहिणाऱ्या ताईंच्या वेळी पण मुख्यला लिहायचंच असायचं. 2012 पासून मधली सगळी वर्षं पर्यायांचे गोल काळे करण्यात गेली, आमचे हात आखडले. मी सध्या रोज एक उत्तर लिहितो आणि बायकोला वाचायला देतो. ती शिक्षिका नाही, काही नाही. जिथं तिला जांभई येते तिथं मी रेघ मारतो.

खिलारी
माझी म्हस पण जांभई द्यायची. त्याला रवंथ म्हणत्यात.

कुंडलकर
आमच्या आजीनं एकदा क्लासच्या नोट्सच चुकीच्या ठरवल्या. मी मोठ्यानं वाचत होतो, "सातारचे प्रतिसरकार". आजी ओट्यावरून ओरडली, "पत्री सरकार म्हण. प्रति काय प्रति." मी म्हटलं आजी, पुस्तकात प्रति आहे. तिनं शेंगा निवडायच्या थांबवल्या. मग तासभर पायाला पत्र्या कशा मारायच्या, फितुराचं काय व्हायचं, तुफान सेनेची पोरं कुठं लपायची, 1943 ला शेणोलीला पगाराची गाडी कशी लुटली. तेव्हा ती परकरात होती, निम्मं तिनं पाहिलेलं आणि निम्मं तिच्या आईनं सांगितलेलं. कुठलं कुठलं ते तिलाही वेगळं करता यायचं नाही.

बरं, हे सरकार चालवणाऱ्या नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र हे विचारतात, लक्षात ठेवा. आणि जुन्या कागदात हा सगळा भाग सातारा जिल्हाच आहे. आमचा दक्षिण सातारा आधी वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. आजी शेवटपर्यंत 'सातारा जिल्हा' म्हणायची. रेशनकार्डावर काय का असेना.

दहिवडी_डेपो
पोरांनो माणदेशाचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडं पाऊस पडत नाही म्हणून अधिकारी पिकतात. शेजारच्या घरात साहेब, समोरच्या घरात मॅडम. माझी उजळणी अख्ख्या वाडीनं घेतली, एसटीतनं उतरलं की पारावरूनच "काय, निकाल लागला का?" याला उजळणी म्हणायचं की फौजदारी ते तुम्ही ठरवा. मी शेवटी एक स्टॉप आधी उतरून ओढ्यानं घरी जायचो.

रहिमतपूरचा_पाहुणा
हाहा हे आमच्याकडं पण. लग्नात तर जेवण जायचं नाही. "वय किती झालं?" "अडतीसपर्यंत चालतं काकू." "लग्नाला चालत नाही."

रात्रपाळी_कुपवाड
एमआयडीसीत रात्रपाळी करून अभ्यास केला, त्यामुळं माणूस कोण मिळणार. स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून कंपनीच्या बसमध्ये ऐकायचो. प्रश्न, मग दहा सेकंद गप्प, मग उत्तर. एकदा इअरफोन निसटला आणि सगळ्या बसला माझा आवाज, "महाधिवक्त्याची नेमणूक कोण करतो?" मागून ड्रायव्हरच्या मदतनिसानं सांगितलं, "राज्यपाल." पुढं रोज मी फोनचा स्पीकरच चालू ठेवायचो. सहा जणांची बॅच झाली. त्यातला एक पोलीस भरतीत लागला.

एक भारी वाटलेली गोष्ट. पंचायतराजच्या समित्या पाठ करताना नाईक, बोंगिरवार, काळे, पी. बी. पाटील असं नुसतं रटत होतो. पी. बी. पाटील म्हणजे आपल्या सांगलीच्या शांतिनिकेतनवाले, हे मला बसमधल्या एका वयस्कर फिटरनं सांगितलं. 1984 ला समिती नेमली तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा. मी त्या शाळेवरून रोज सायकलनं गेलोय राव. एका घासात दोन्ही लक्षात राहिलं.

एकच_अटेम्प्ट
रात्रपाळी दादा रेकॉर्डिंग आहेत का अजून

रात्रपाळी_कुपवाड
आहेत. पाठवतो. मागं मशीनचा आवाज आहे, सवय होईल.

गावभाग
विश्रामबागला रात्री अकरानंतर चालू असलेली अभ्यासिका माहितीय का कुणाला? धाकट्या भावासाठी. एसी नको, पंखा आणि संडास नीट पाहिजे.

मिरजेची_सून
मिरजेत सांगते, चालेल का? रेल्वे स्टेशनच्या बाजूला. रात्री चहा मिळतो हा फायदा.

गावभाग
तो चहाच प्यायला जाईल ताई, त्याला ओळखतो मी.

पोवईनाका
कुकर लावून आले तर एवढं सगळं! दादा आता सत्तरीपार आहेत, कमी ऐकू येतं, त्यामुळं जेवताना मोठ्यानं सगळा धागा वाचून दाखवला. भाकरीवाल्याला आणि बसवाल्याला खुश झाले. रेकॉर्डिंगचं ऐकून म्हणाले, दहा सेकंद जास्त आहेत, पाच ठेव म्हणावं. महापुराचं वाचताना त्यांनी घास खाली ठेवला. चारभिंतीचं एका ओळीचं मी दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत, फक्त ताटाला चमचा दोनदा लावला.

आणि खिलारी, तुम्हाला एक प्रश्न आहे त्यांचा. म्हैस किती दूध द्यायची?

खिलारी
दोन वक्ताचं मिळून नऊ लिटर. पंचायतराज सुरू केल्यावर साडेआठ.